ऑपरेशनच्या आधीच लिहिलेलं आभारपत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमच्या धाकटीच्या नाकाचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. अशी पत्रं लोक टाके निघाल्यावर लिहितात, मी मुद्दाम आधी लिहितोय. नाक छान झालं तर आभार नाकाचे होतील, बिनसलं तर लिहायची इच्छाच उरणार नाही. मला आभार मानायचेत ते तुम्ही दिलेल्या उत्तरांचे, आणि ती तर आम्हाला मिळाली आहेत.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही दुसरीकडे दाखवलं होतं. तिथे धाकटीचा फोटो संगणकावर घेऊन दोन मिनिटांत नाक सरळ करून दाखवलं. ‘असंच होईल ना?’ तिने विचारलं. ‘अगदी अस्संच!’ पुढच्या प्रत्येक प्रश्नाला ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच. जिना उतरताना आमचं टेन्शन दुप्पट झालं होतं.

चित्र तुम्हीही काढलंत, पण म्हणालात, ‘तुला काय हवंय ते मला कळावं म्हणून हे आहे. असंच होईल असं मी म्हणत नाही.’ मग तिच्या नाकाचा शेंडा बोटांनी चाचपून सांगितलंत, की तिची कातडी जाड आहे. आतली कूर्चा कितीही रेखीव केली तरी अशा कातडीवर ती तेवढी उठून दिसत नाही आणि सूजही रेंगाळते. वरची पट्टी आठवड्याभरात निघेल, डोळ्यांखालचं काळंनिळं दोन-तीन आठवड्यांत जाईल, शेंड्याचा खरा आकार दिसायला मात्र वर्ष लागू शकतं. ‘आणि वर्षाने मला नाहीच आवडलं तर?’ हा प्रश्न तिने अगदी हळू विचारला. ‘काही जणांना दुसरं ऑपरेशन लागतं. माझ्याही पेशंटना लागलंय. ते पहिल्यापेक्षा अवघड असतं, आणि वर्षभर तरी थांबावं लागतं.’

माझी नोकरी दिवाणी कोर्टात झाली. प्रत्येक प्रश्नाला ठामपणे ‘हो’ म्हणणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी वकील हसत हसत करतात. तुम्ही कुठे ‘हो’ म्हणालात, कुठे ‘नाही’, कुठे ‘बहुधा’ आणि कुठे ‘मला सांगता येणार नाही’. आतला वाकडा पडदा त्याच वेळी सरळ करणार का? हो. मग श्वास मोकळा होईल? बहुधा. दिसण्यासाठीच्या कामाचे पैसे विमा देईल का? नाही, पडद्याचं मात्र कंपनीला लेखी विचारा. तिच्या दम्याला भूल मानवेल का, यावर तुम्ही स्वतः काहीच न बोलता भूलतज्ज्ञांकडे पाठवलंत. तेव्हा मला तो हेलपाटा वाटला होता.

मग आम्हा दोघांना बाहेर बसायला सांगितलंत. आत काय बोलणं झालं ते धाकटीने साताऱ्याला परतताना एस.टी.त सांगितलं. ‘हे तुला हवंय, की कोणी नाकावरून बोलतं म्हणून? आणि नाक बदललं, पण बाकी काहीच बदललं नाही, तर चालेल?’ उत्तर तिथल्या तिथे घेतलं नाहीत, पुढच्या वेळी सांग म्हणालात. तोवर तारीखही दिली नाहीत. खरं सांगायचं तर दुसऱ्या प्रश्नावर आमच्या घरात बरेच दिवस कुणालाच नीट बोलता येत नव्हतं. काय ठरलं ते तिने तुम्हाला सांगितलंय, मला नाही.

आमच्या सौ.ना नथीचं विचारायचं होतं, पण ‘मॅडम हसतील’ म्हणून अडखळत होत्या. तुम्ही हसला नाहीत. नाकातली चमकी आधी काढावी लागेल, चापाची नथसुद्धा बरेच महिने नको कारण दाब पडतो, आणि लग्न तेवढ्यात निघालं तर जखम बघून ठरवू, असं सांगितलंत.

संमतीचा फॉर्म मराठीतून दिलात आणि घरी नेऊन वाचायला लावलात. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की उपचार काय, पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, हे पुरेसं कळल्याशिवाय दिलेली संमती खरी नव्हे. निकाल मला ठाऊक होता, पाळलेला प्रथमच पाहिला.

एक भलतंच सांगतो. नाकाची शस्त्रक्रिया आपल्याकडे जुनी. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं होतं. १७९४ साली ती हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. त्यात कापणं-जोडणं सगळं आहे. कावसजीने आधी काय काय विचारलं असेल, ते मात्र नाही.

आपला,
एका मुलीचा बाप, सातारा

ता. क. तुमच्या यादीप्रमाणे ॲस्पिरिन, ब्रुफेन, माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या कॅप्सूल दोन आठवडे आधी बंद करतोय. सौ. विचारताहेत, फोडणीतला लसूण चालेल ना? मी हसलो, तर म्हणाल्या, तुम्ही फक्त लिहा, मॅडम उत्तर देतील.