वजन वाढले? आधी डॉक्टरची चिठ्ठी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लठ्ठपणावरचा आपल्या रविवारच्या अंकातला लेख वाचला. इंदुरात कोणाचेही वजन वाढले की आरोपी ठरलेले असतात: सकाळचे पोहे-जिलबी आणि रात्रीची सराफा बाजारातली खाऊगल्ली. लेखाचा सूरही तोच. ते निर्दोष आहेत असे कोणताच इंदूरकर म्हणणार नाही. पण औषधांच्या दुकानात आयुष्य गेल्यामुळे सांगावेसे वाटते, की बऱ्याच जणांच्या बाबतीत आधी डॉक्टरची चिठ्ठी तपासायला हवी.

प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडची गोळी काही आठवडे चालली की भूक खवळते, अंगात पाणी साठते, चेहरा गोल होतो. त्यात पोह्यांवर मूठभर खारी शेव पडली की सूज आणखी. मधुमेहात ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिनने वजन वाढू शकते, कारण लघवीवाटे जाणारी साखर आता अंगी लागते. शिवाय साखर उतरेल या धास्तीने माणूस दिवसभर बिस्किटे खात राहतो. खरे तर साखर वारंवार उतरत असेल तर डोस तपासून घ्यायला हवा. तळपायांची आग शमवणारे प्रीगाबालिन, मायग्रेनसाठीचे फ्लुनारिझिन, फिट्सवरचे व्हॅल्प्रोएट, ब्लडप्रेशरचे एटेनोलॉल, हीदेखील त्याच पंगतीतली. अर्थात प्रत्येकाचे वजन वाढतेच असे नाही.

सर्वांत जास्त हाल मानसिक आजाराच्या रुग्णांचे. ओलान्झापिन किंवा क्लोझापिन सुरू झाले की खाऊनही समाधान होत नाही आणि पहिल्या काही आठवड्यांतच काटा चढू लागतो. मग हळदीकुंकवात कोणीतरी म्हणतेच, "काय गं, सुटलीस की!" मुलगी घरी येऊन गुपचूप गोळी बंद करते. आजार उलटतो, आणि तेव्हा त्या काकू-मावश्या कुठेच नसतात.

गोळी आपल्या मनाने बंद करू नये ती यासाठीच. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड एकदम थांबवले तर जिवावर बेतू शकते. ते हळूहळूच उतरवावे लागते. फिट्सचे औषध सोडले तर फिट्स परततात. एटेनोलॉल अचानक तोडले तर हृदयरोग्याच्या छातीत दुखू लागते. डॉक्टरांकडे बहुधा दुसरी वाट असते. ओलान्झापिनऐवजी काहींना अ‍ॅरिपिप्राझोल चालते, काहींना जोडीला मेटफॉर्मिन देतात. मधुमेहात मेटफॉर्मिन किंवा डापाग्लिफ्लोझिनने वजन वाढत नाही, उलट थोडे उतरते. पण हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायला हातात आकडा लागतो. म्हणून औषध सुरू होईल त्याच दिवशी वजन लिहून ठेवावे. पुढे दर आठवड्याला त्याच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी. ७० किलोच्या माणसाचे पहिल्या महिन्यातच साडेतीन किलो वाढले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढून पाय सुजले, धाप लागली, तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. अशा वेळी, विशेषतः मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांनी, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

शहरातल्या डॉक्टरांना विनंती, की चिठ्ठीवर ब्लडप्रेशर लिहिता तसे वजनही लिहा आणि या गोळीने भूक वाढेल हे पहिल्याच भेटीत सांगा. आणि संपादक महोदय, या विषयावरचा पुढचा लेख शक्यतो एखाद्या मनोविकारतज्ज्ञाकडून लिहून घ्यावा.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता,
रामबाग, इंदूर