शाल-श्रीफळाआधी खडूचे पैसे द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपूरच्या सक्करदऱ्यात एका कॉलेजच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. २००९ पासून. झेरॉक्स, स्पायरल, लॅमिनेशन, आणि पाटीवर शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय तसं 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील'. आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून 'उत्कृष्ट स्वयंसेवक' पुरस्काराचे फोटो छापून येतात. दोन्हीकडे पाहुणे, मधोमध शाल पांघरून अवघडलेलं पोरगं. त्यातल्या काहींच्या फायली मी बांधल्या आहेत, म्हणून हे पत्र लिहायचा मला थोडाफार हक्क आहे असं समजतो.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदी लोकांच्या बैठकीत येऊन बसली, मोरभवन बसस्थानकात बस पाण्यात उभ्या. तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी रविवारी, २४ तारखेला, राष्ट्रीय सेवा योजनेचा, म्हणजे कॉलेजातल्या स्वयंसेवकांच्या एनएसएसचा, स्थापना दिवस. सोमवारी संध्याकाळी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी दुकानात आली. भिवापूरकडची, मानेवाड्यात खोली करून राहणारी. नखांत वाळलेला गाळ, हातात टॉवेलची गुंडाळी. टॉवेलमध्ये एका आजोबांच्या पेन्शनचा ओला कागद. दोन मैत्रिणींना घेऊन ती कॉर्पोरेशन कॉलनीत गेली होती, उसनं फावडं आणि घमेलं घेऊन. दोन दिवसांत तीन घरांचा गाळ काढला. एका घरात लोखंडी कपाट आडवं पडलेलं, आतल्या कागदांचा लगदा. पोरींनी पंख्याखाली बसून एकेक कागद सोडवला.

तो कागद काचेला चिकटला असता तर गेलाच असता. मी खाली पारदर्शक प्लास्टिक अंथरलं, वर कागद ठेवला, झाकण न दाबता तीन प्रती काढल्या. शिक्का जेमतेम उमटला, पण नंबर वाचता येत होता. तिला एवढा आनंद झाला की जणू पेन्शन तिचीच. सहा रुपये झाले. तिने पर्स उघडून दिले आणि मी घेतले. धंद्याची सवय, दुसरं काय.

पुढच्या वर्षी कॉलेजातल्या पुरस्काराची सूचना निघाली आणि तिच्या मैत्रिणींनी तिला ओढतच दुकानात आणलं. अर्जासोबत काय जोडायचं, तर कार्याची छायाचित्रे, वृत्तपत्रांतील कात्रणे, मान्यवरांची प्रशस्तिपत्रे. तिच्याकडे यातलं काहीच नव्हतं. म्हणाली, "काका, फोटो कोण काढून राहिलं होतं? दोन्ही हात तर गाळात होते." मी सुचवलं, त्या आजोबांकडून दोन ओळींचं पत्र आण. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "त्यांचं घर पाण्यात गेलं नं काका, आणि मी जाऊन सर्टिफिकेट मागू?" अर्ज गेला नाही.

त्या वर्षी पुरस्कार मिळालेल्या मुलाची फाइल ६२ पानांची होती. रंगीत प्रिंट, वर पारदर्शक कव्हर, मागे काळा पुठ्ठा. मुलगा चांगला आहे, झाडंही त्याने खरंच लावली. पण ६२ पानांतले अकरा फोटो एकाच कडुनिंबाचे होते, वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले. प्रिंट काढताना ते लक्षात येतं. निवड समितीच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

दोष त्या मुलाचा नाही. कागद मागितले की कागदच येतात. आता नव्या शैक्षणिक धोरणात समाजसहभागाच्या कामाला श्रेयांक (क्रेडिट) मिळतात. चांगलंच आहे, पण त्यामुळे माझ्याकडे प्रिंटला येणाऱ्या सर्वेक्षणाच्या अहवालांत भर पडली आहे आणि गावाचं नाव बदलून बाकी अहवाल तसाच, हेही मी पाहतो. एकदा तर बदलायचं राहिलं. मुखपृष्ठावर उमरेड तालुका, आत सगळीकडे काटोल. मी दाखवलं तेव्हा पोरगा म्हणाला, "चालते काका, आत कोण पाहते!"

राष्ट्रीय सेवा योजना मुळात अशी नव्हती. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत एनएसएस सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर, हा तिचा हिशोब. ब्रीद काय, तर 'मी नव्हे, तुम्ही'. राष्ट्रीय पुरस्कार आले १९९३-९४ मध्ये, म्हणजे योजना पंचवीस वर्षांची होत आली तेव्हा. आज राष्ट्रीय पातळीवरच्या स्वयंसेवकाला एक लाख रुपये आणि रौप्यपदक मिळतं. ते मिळावंच, त्याला कोणी हात लावू नये. पण जिथे काम होतं तिथला हिशोबही पाहा. कित्येक वर्षं एका स्वयंसेवकामागे वर्षभराच्या कार्यक्रमांसाठी २५० रुपये आणि सात दिवसांच्या शिबिरासाठी ४५० रुपये धरलेले असत. सात दिवसांचे ४५०. त्यात जेवण, जाणं-येणं, सगळं. तर्री-पोह्याची एक प्लेट आज कितीला आहे, हे नागपूरकरांना मी सांगायला नको.

आणि एनएसएसमध्ये नसलेल्या, आपल्या मनाने काम करणाऱ्या पोरांना तर तेवढंही नाही. वस्तीत संध्याकाळी लहान मुलांना शिकवणारी चार पोरं माझ्याकडे येतात. पाढ्यांचे कागद मोठे करून नेतात, कधी कार्डशीट, कधी खडूचा डबा. पैसे कुठून? मेसच्या पैशातून. त्यातल्या दोघांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना लागू आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती आहे. नागपुरात शिकणाऱ्याला वर्षाला ६० हजार: जेवणाचे ३२, राहण्याचे २०, निर्वाहाचे ८. योजना खरोखर चांगली आहे, या पैशावर शिकलेली पोरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पण घरमालक आणि मेसवाली बाई दर महिन्याला पैसे मागतात आणि शिष्यवृत्ती काही दर महिन्याला येत नाही. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरलेल्या शिष्यवृत्त्यांचंही तेच. मंजुरीचा मेसेज येतो, बँक खात्याला आधार जोडलेलं (सीडिंग) नसतं, पैसे अडकतात. पोरगं रोज माझ्याकडे स्टेटस बघायला येतं. स्टेटस बघायचे मी पैसे घेत नाही, एवढं नोंदवून ठेवतो. तर असा पोरगा तीनशे रुपयांचे खडू आणि कागद घेतो, तेव्हा तो एका वेळचं जेवण सोडतो, आणि कुणाला कळतही नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: काम संपल्यावर एकाला मोठं पाकीट देण्याऐवजी काम सुरू होताना अनेकांना छोटी रक्कम द्या. कॉलेज आणि विद्यापीठाच्या पातळीवर हे सहज जमण्यासारखं आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद आहेच. समजा एका कॉलेजाने वर्षाला वीस हजार बाजूला काढले, तर दोन-दोन हजारांत दहा गट उभे राहतील. अर्ज एका पानाचा, मराठीत: काय करणार, कुठे करणार, किती खर्च, कोण कोण. निकाल पंधरा दिवसांत. हिशोबाला बिलं पुरेत, आणि ऑटोवाला बिल देत नाही हे मान्य करून तेवढी सूट द्यावी. फोटो मागू नयेत. त्याऐवजी एखाद्या प्राध्यापकाने वर्षातून एकदा त्या वस्तीत जाऊन दहा मिनिटं बसावं आणि पोरांना न विचारता तिथल्या बायांना विचारावं. खरं-खोटं तिथल्या तिथे कळतं.

सूचना वेळेवर लावावी, हे लिहायचीही गरज पडू नये. पण बऱ्याच सूचना मोबाइलच्या ग्रुपवर शेवटच्या दोन दिवसांत येतात आणि गावाकडे रेंज नसलेली पोरं हुकतात. जिल्हा युवा पुरस्कार, संशोधनाची 'आविष्कार' स्पर्धा, आपल्या नागपुरातच मुख्यालय असलेल्या, ओबीसी आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठीच्या महाज्योती संस्थेच्या योजना, अशांच्या तारखा कळतील तशा मी दुकानाच्या काचेवर स्केचपेनने लिहून चिकटवतो. मागच्या महिन्यात एक प्राध्यापकसाहेब थांबून त्या काचेचा फोटो काढून गेले. हसावं की काय करावं, कळेना.

आपल्या विद्यापीठाला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. महाराज खंजिरी घेऊन गावोगाव फिरले. त्यांना आज अर्ज भरायचा असता तर कात्रणं जोडा म्हणून आपण परत पाठवलं असतं की काय, असं फायली बांधता बांधता मनात येतं.

हे सगळं झालं तर माझा जुलै ते जानेवारीचा धंदा बसेल, हे मला कळतं. बायकोने पत्र वाचून तेच म्हटलं. तरी सांगतो, अशी सोय ज्या कॉलेजात पहिल्यांदा होईल त्यांच्या एकपानी अर्जाच्या पहिल्या शंभर प्रती मी फुकट काढून देईन. भिवापूरच्या त्या पोरीकडून घेतलेले सहा रुपये त्यात वळते करून घ्यावेत.

आपला,
एक झेरॉक्सवाला,
सक्करदरा, नागपूर