क्रीडामंत्री महोदय, नव्या कायद्यात प्रेक्षकालाही जागा द्या

मा. केंद्रीय युवा व्यवहार व क्रीडा मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. संघटनांच्या कार्यकारी समितीत नामवंत खेळाडूंना जागा मिळाली, महिलांना मिळाली, देखरेखीला राष्ट्रीय क्रीडा मंडळ आलं आणि वाद मिटवायला न्यायाधिकरण आलं. ही कामं वर्षानुवर्षं रखडली होती. ती मार्गी लावल्याबद्दल तुमचे मनापासून आभार. पण तिकीट काढून खेळ बघायला येणारा माणूस या सगळ्या रचनेत कुठेच नाही. त्याचे हक्क कोणते, त्याने तक्रार कुठे न्यायची, कोणते निर्णय त्याला विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत, यावर कायदा काहीच बोलत नाही. त्याच्या वतीने हे पत्र लिहिते आहे.

मी पुण्याची, त्यामुळे पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमपासून सुरुवात करते. 24 ऑक्टोबर 2024, भारत-न्यूझीलंड दुसऱ्या कसोटीचा पहिला दिवस. या मैदानाच्या बहुतेक स्टँडवर छप्पर नाही. ऑक्टोबरचं ऊन थेट डोक्यावर. घरून पाण्याची बाटली आणायला बंदी. आणि आत प्यायला पाणी नाही. लोक खुर्च्या सोडून पाणी शोधत फिरले, शेवटी महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या विरोधात घोषणा झाल्या, मग सचिवांनी माफी मागितली आणि पाण्याच्या बाटल्या फुकट वाटल्या. त्याच दिवशी वॉशिंग्टन सुंदरने 59 धावांत 7 बळी घेतले. कसोटीसाठी रजा टाकून आलेल्या पुणेकरांपैकी कितीतरी जण तेव्हा नळासमोर रांगेत असतील. माफी मागितली हे चांगलंच झालं, पण ती मागावीच लागेल असं कोणत्याही नियमात नव्हतं. पुढच्या सामन्याला पाणी असेलच, याची लेखी हमी आजही कुणी देत नाही.

असं का होतं, याचा मी बराच विचार केला आहे. मला सापडलेलं कारण पैशाच्या हिशेबात आहे. आयपीएलचे प्रक्षेपण हक्क 2018 ते 2022 साठी 16,347.5 कोटी रुपयांना गेले. 2023 ते 2027 साठी तेच हक्क 48,390 कोटींना विकले गेले. 2021 मध्ये लखनौचा संघ 7,090 कोटींना घेतला गेला. एवढी रक्कम प्रक्षेपणातून येत असताना तिकीटबारीवरचे पैसे हिशेबात किरकोळ ठरतात. मैदानातला माणूस नाराज झाला तरी धंद्याचं काही बिघडत नाही, कारण त्याच्या जागी दुसरा यायला तयारच असतो. 2020 ची आयपीएल अमिरातीत रिकाम्या मैदानांवर झाली आणि प्रक्षेपणात प्रेक्षकांचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवला गेला. आमच्या आवाजाशिवाय हा खेळ विकला जात नाही, हे त्या मोसमात साऱ्या देशाने ऐकलं. मग ज्यांचा तो आवाज, त्यांना किंमत का नसावी?

आता तिकिटाकडे येते. विक्री अमुक वाजता सुरू होणार म्हणून आपण मोबाइल घेऊन बसतो, ॲपवर रांगेत आपला नंबर काही हजारांच्या पुढे दिसतो, आणि नंबर येतो तेव्हा फक्त सर्वांत महाग स्टँड उरलेले असतात. हा अनुभव माझा आहे आणि ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाचा आहे. पण खरा प्रश्न रांगेचा नाही. मैदानात जागा किती, त्यातल्या सामान्य लोकांसाठी विक्रीला किती, आणि पास म्हणून किती गेल्या, हा आकडा प्रत्येक सामन्याआधी जाहीर करण्याचं बंधन कुणावर नाही. मार्च 2025 मध्ये हैदराबादच्या फ्रँचाइजीने तिथल्या क्रिकेट संघटनेवर जाहीर आरोप केला की जादा फुकट पास मिळावेत म्हणून सामन्याच्या तोंडावर एका बॉक्सला कुलूप लावलं गेलं. त्या भांडणात एकट्या संघटनेच्या वाट्याचे 3,900 पास बाहेर आले. दोन धनाढ्य पक्ष भांडले म्हणून आम्हाला हा आकडा कळला. एरवी तो कळतच नाही. 2023 च्या विश्वचषकात ईडन गार्डन्सच्या सामन्याची तिकिटं काळ्या बाजारात गेल्याच्या तक्रारींवर कोलकाता पोलिसांना चौकशी करावी लागली, तीही याच अंधारामुळे.

मुंबईकरांना हे नवीन नाही. वानखेडे स्टेडियम उभं राहिलं तेच मुळी तिकिटांच्या भांडणातून. ब्रेबॉर्न स्टेडियमवरच्या सामन्यांत असोसिएशनच्या वाट्याला किती जागा, यावरून बॉम्बे क्रिकेट असोसिएशन आणि मैदानाचा मालक क्रिकेट क्लब ऑफ इंडिया यांचं बिनसलं, आणि शेषराव वानखेडे यांनी चर्चगेटजवळ दुसरं मैदान उभारलं. जानेवारी 1975 मध्ये तिथल्या पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉइडचं द्विशतक झालं. त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावलेल्या एका पोराला पोलिसांनी मारलं आणि प्रेक्षक खवळले. पन्नास वर्षं झाली. मैदानं बदलली, स्टँडना मोठमोठी नावं लागली, पण प्रेक्षकाकडे फक्त बंदोबस्ताच्या नजरेने बघण्याची सवय गेली नाही.

त्याच सवयीने 4 जून 2025 रोजी बंगळुरूत 11 जीव घेतले. बंगळुरूचा संघ आयपीएल जिंकला, समाज माध्यमांवरून लोकांना बोलावलं गेलं, पासांबाबत शेवटपर्यंत गोंधळ राहिला आणि चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांवर चेंगराचेंगरी झाली. त्यानंतर खटले झाले, चौकशी आयोग बसला, महिला विश्वचषकाचे सामने बंगळुरूहून नवी मुंबईला हलवले गेले. ते सगळं व्हायलाच हवं होतं. पण जे आपल्या आवडत्या संघाला बघायला गेले आणि घरी आले नाहीत, त्यांच्या जिवाची जबाबदारी कार्यक्रमाच्या आधी कागदावर कुणाची होती? फ्रँचाइजी, राज्य संघटना, कार्यक्रम घेणारी कंपनी आणि पोलिस यांनी ती एकमेकांकडे टोलवली. हे मला अजूनही सहन होत नाही.

एक गोष्ट बाई म्हणून सांगते, कारण बैठकांमध्ये ती कुणी काढत नाही. बहुतेक मैदानांत पर्स, पिशवी आत नेता येत नाही आणि सामान ठेवायची सोयही दारात नसते. सॅनिटरी पॅड, मुलाचं औषध, रक्तातली साखर कमी होणाऱ्या आईसाठी बिस्किटं, हे सगळं दारावरच्या माणसाच्या मर्जीवर. आत गेल्यावर बायकांची स्वच्छतागृहं इतकी कमी की एका फेरीत तीन-चार षटकं जातात. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा स्टँड मुलींनी भरलेले होते. त्या पुन्हा पुन्हा याव्यात असं वाटत असेल तर या गोष्टी क्षुल्लक समजून चालणार नाही.

मैदानात न जाणाऱ्यांचं काय, तेही बघा. 2023 आणि 2024 ची आयपीएल मोबाइलवर फुकट दिसली. नोव्हेंबर 2024 मध्ये टीव्हीचे हक्क असलेली आणि डिजिटल हक्क असलेली अशा दोन्ही कंपन्या एकत्र आल्या आणि 2025 पासून पूर्ण मोसम बघायला वर्गणी आली. आता टीव्ही आणि मोबाइल दोन्हीकडे दुकानदार एकच. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्याच खटल्यात सांगितलं होतं की वायुलहरी (ज्यांवरून प्रक्षेपण होतं त्या रेडिओ लहरी) ही सार्वजनिक मालमत्ता आहे. 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे सामने दूरदर्शनला देणं बंधनकारक झालं, पण 2017 च्या निकालानंतर ते प्रक्षेपण अँटेना किंवा डीडी फ्री डिशवरच दिसतं. ज्याच्या घरी केबल आहे त्याला दूरदर्शन लावूनही सामना दिसत नाही. हे खातं तुमचं नाही, याची मला कल्पना आहे. पण प्रेक्षकांची बाजू मंत्रिमंडळात मांडायला क्रीडामंत्र्यांवाचून दुसरं कोण आहे?

कराचंही तसंच. 22 सप्टेंबर 2025 पासून आयपीएलच्या तिकिटावर 40 टक्के जीएसटी आहे. आधी 28 होता. मूळ 1,000 रुपयांचं तिकीट 1,280 ला पडायचं, ते 1,400 ला पडतं. कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यतींच्या पंगतीत क्रिकेट बघणाऱ्याला बसवलं गेलं. दुसरीकडे, आयपीएलमधून पैसा येतो एवढ्यावरून भारतीय क्रिकेट मंडळाचा (बीसीसीआय) धर्मादाय संस्था म्हणून करसवलतीचा हक्क जात नाही, असा निकाल 2021 मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाने मंडळाच्या बाजूने दिला. न्यायाधिकरणाशी माझा वाद नाही. पण खेळाचा प्रसार हे धर्मादाय कार्य असेल, तर तो बघायला मुलांना घेऊन येणाऱ्या बापाकडून चैनीचा कर घेणं अन्यायाचं आहे, आणि ते अर्थमंत्र्यांना तुम्ही सांगावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

वेळापत्रकाबद्दल थोडंच लिहिते. 2023 च्या विश्वचषकाचं वेळापत्रक 27 जूनला, स्पर्धेच्या 100 दिवस आधी आलं. तेव्हा रेल्वेचं आरक्षण 120 दिवस आधी उघडत असे. लोकांनी कशीबशी गाडी, हॉटेल मिळवलं, तर 9 ऑगस्टला नऊ सामन्यांच्या तारखा किंवा वेळा बदलल्या. त्यात भारत-पाकिस्तान सामनाही होता. तिकीटविक्री त्यानंतर, ऑगस्टअखेर. ज्यांचं नुकसान झालं त्यांना कुणी दमडीही दिली नाही.

महोदय, आपला कायदा मंजूर होण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, जुलै 2025 मध्ये, इंग्लंडमधल्या फुटबॉलसाठी ब्रिटिश संसदेने कायदा केला. त्याची सुरुवात चाहत्यांपासून झाली. 2021 मध्ये सहा बड्या इंग्लिश क्लबांनी युरोपियन सुपर लीग ही बड्या क्लबांची वेगळी स्पर्धा काढायचं ठरवलं, लोक रस्त्यावर उतरले, क्लब माघारी फिरले, आणि सरकारने चाहत्यांच्या पुढाकाराने आढावा घेतला. आता तिथे स्वतंत्र नियामक आहे. क्लबाचं बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर चाहत्यांची संमती लागते, मैदान विकायचं तर नियामकाची परवानगी. तिथला धंदा आपल्यापेक्षा लहान नाही, तरीही हे जमलं.

आपल्या विधेयकात सुरुवातीला प्रत्येक मान्यताप्राप्त संघटना माहिती अधिकाराखाली येणार होती. नंतर दुरुस्ती होऊन ते सरकारी मदत घेणाऱ्यांपुरतं राहिलं, आणि क्रिकेट मंडळ त्यातून सुटलं. विधी आयोगाने 2018 मध्येच मंडळाला माहिती अधिकार लागू करा असं सांगितलं होतं. ती दुरुस्ती मागे घ्या, अशी माझी पहिली मागणी आहे. वेळ लागणार असेल तर निदान कायद्याखालच्या नियमांत एवढं घाला: प्रत्येक सामन्याच्या जागांचा हिशेब विक्रीआधी जाहीर व्हावा, फुकट पिण्याचं पाणी आणि पुरेशी स्वच्छतागृहं असल्याशिवाय मैदानाला सामना मिळू नये, तारीख बदलली तर तिकिटाच्या पैशांसोबत बुकिंगचं शुल्कही परत मिळावं, गर्दीच्या सुरक्षेसाठी एकच जबाबदार अधिकारी आधी नावानिशी जाहीर व्हावा, आणि राज्य संघटनांच्या समितीवर तिकीट काढणाऱ्यांचा एक निवडलेला प्रतिनिधी असावा.

क्रिकेट 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे. तिथे भारताचा संघ पाठवायला मंडळाला तुमच्या कायद्याखालची मान्यता हवी आहे. मान्यतेच्या अटी सरकार ठरवतं. या अटींत प्रेक्षकांचं नाव कधी आणि कोणत्या कलमात येणार, हे आपण जाहीरपणे सांगावं.

कळावे,
आपली,
पुण्यातील एक क्रिकेटप्रेमी