ड्रॉइंगच्या आधी त्याच्या घरी जा

महोदय,

आयटीआयमधून शिल्पनिदेशक म्हणून निवृत्त झाल्यावर मी घराशेजारी एक लेथ मशीन टाकले. फेब्रुवारी आला की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुले प्रोजेक्टचे पार्ट करून घ्यायला येतात. यंदा चौघे आले, जिना चढणाऱ्या व्हीलचेअरचे शाफ्ट घेऊन. ड्रॉइंग चोख होते. मी विचारले, "व्हीलचेअर वापरणाऱ्या कुणाला भेटलात का?" एकही भेटला नव्हता. त्यांच्या सरांनीही तसे सुचवले नव्हते.

मी त्यांना आमच्याच गल्लीतल्या एका तरुणाकडे नेले. मणक्याला मार लागल्यापासून तो खुर्चीवर आहे. त्याच्या घराला जिनाच नाही. न्हाणीघराचे दार मात्र २२ इंचांचे आणि खुर्ची २५ इंचांची. रोज त्याची आई त्याला उचलून आत नेते. मुले गप्प झाली. मग एकाने टेप मागितला.

आयआयटी मद्रासमध्ये मेकॅनिकलच्या प्राध्यापक सुजाता श्रीनिवासन पुनर्वसन उपकरणांचे संशोधन केंद्र चालवतात. २०१९ मध्ये तिथून 'अराइज' ही खुर्ची आली; तिच्यात बसलेल्या माणसाला स्वतःच उभे राहता येते. सतत बसून ज्यांच्या अंगाला जखमा होतात, त्यांनाच याचे मोल कळेल.

माझा स्वतःचा डावा पाय मांडीपासून कृत्रिम आहे, त्यामुळे २०२२ मध्ये आलेल्या त्यांच्या 'कदम' गुडघ्याचे मला जास्त अप्रूप. माझा पहिला गुडघा एकाच पिनवर फिरायचा, दाराच्या बिजागरीसारखा. वजन पिनच्या मागे गेले की तो मिटायचा आणि मी रस्त्यावर. 'कदम' एकाहून जास्त पिनांवर फिरतो, त्यामुळे त्याचे फिरण्याचे केंद्र जागा बदलते. पाय सरळ असताना केंद्र वर आणि मागे राहते, म्हणून गुडघा अचानक मिटत नाही. पाऊल पुढे टाकताना पायाची लांबी थोडी कमी होते आणि पंजा जमिनीला घासत नाही. शिवाय तो १६० अंशांपर्यंत वाकतो. एसटीच्या दोन सीटांमध्ये कृत्रिम पाय कोंबून ज्याने प्रवास केला आहे, त्याला हा आकडा सांगावा लागत नाही. बेंगळुरूच्या 'मोबिलिटी इंडिया' या अपंगांसोबत रोज काम करणाऱ्या संस्थेला बरोबर घेऊन हा गुडघा तयार झाला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडची मुले हुशारीत कमी नाहीत. विद्यापीठांनी एवढेच करावे: उपकरण ज्याच्यासाठी आहे, त्याच्या घरी निदान तीनदा जाणे सक्तीचे करावे, त्याचे म्हणणे प्रोजेक्ट अहवालात पहिल्या पानावर घ्यावे आणि त्यासाठी गुण द्यावेत.

ते चौघे आता २० इंच रुंदीची, न्हाणीघरात जाणारी खुर्ची करत आहेत. प्रोजेक्ट फारच साधा दिसेल आणि गुण कापले जातील, अशी त्यांना धास्ती आहे. परीक्षकांना माझी विनंती आहे, ती खुर्ची कॉलेजात बघू नका, आमच्या गल्लीत येऊन बघा.

— एक निवृत्त शिल्पनिदेशक, सांगली