रविवारची बैठक : बेपत्ता व्यक्तींच्या कुटुंबीयांसाठी

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये बैठक आहे. वकीलताई येणार आहेत. येताना आणा:

– मिसिंग तक्रारीची प्रत
– अलीकडचा फोटो
– बँक, पेन्शन, विम्याची अडलेली कागदपत्रं

7 वर्षं ठावठिकाणा लागला नाही तर कायदा मृत्यू गृहीत धरू शकतो. पण तोवर घर कसं चालवायचं, यावरच जास्त बोलू.

24 तास थांबा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तक्रार लगेच नोंदवता येते. हरवलेलं लहान मूल असेल तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही कळवा.

आणि कळकळीची विनंती : "अजून कुंकू लावता?" असं कोणत्याही वहिनींना विचारू नका. फार लागतं ते.

शुक्रवारपर्यंत नावं कळवा.