ब्रूनोला शोधताना

ठाणे

प्रिय मित्रा,

तुमचा कुत्रा ब्रूनो हरवल्याचं सांगतानाचा तुझा फोनवरचा आवाज ऐकून मलाच भरून आलं, नीट बोलता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहितो. वहिनींनाही वाचून दाखव.

सोसायटीतली पोरं ‘ब्रूनो, ब्रूनो’ ओरडत नेरुळभर फिरताहेत, ते आधी थांबव. मिरवणुकीतल्या फटाक्यांना घाबरून पळालेला कुत्रा हाकेला येत नाही. त्या भीतीत कधी कधी घरचा माणूसही त्याला परका वाटतो. मागे कुणी धावलं की तो आणखी पुढे पळतो, आणि तुमच्याकडे पुढे पाम बीच रोड आहे.

असा कुत्रा बहुतेक वेळा जवळच कुठेतरी दडून बसतो. उभ्या गाड्यांखाली, पंप रूममध्ये, जिन्याखाली, नाल्याच्या कडेच्या झुडपांत बघ. टॉर्च स्वतःच्या डोळ्यांजवळ धरून उजेड जमिनीलगत फिरव, म्हणजे त्याचे डोळे चमकलेले दिसतील. कमरेपाशी धरलास तर चमक हुकते. पहाटे 2 ते 5 ही वेळ सोडू नकोस. रहदारी थांबली की तो खाण्यापाण्यासाठी बाहेर पडतो. खाडीकडच्या खारफुटीत मात्र कुणी शिरू नका, तिथे चिखल आणि भरती दोन्हीचा धोका.

गेटपाशी त्याचं न धुतलेलं अंथरूण ठेव. खाणं ठेवू नकोस. त्यावर गल्लीतली कुत्री जमतात आणि ब्रूनो आला तरी त्याला हुसकावून लावतात.

सीसीटीव्हीचं फुटेज आजच बघ, कारण काही दिवसांनी जुन्यावर नवं रेकॉर्ड होतं. कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाईलशी ताडून घे, ते पुढेमागे असलं तर सगळा हिशोब चुकतो. तो कोणत्या दिशेला वळला ते कळलं की पुढच्या दुकानाचा कॅमेरा.

पोस्टर ए-थ्री आकाराचं कर. एकच फोटो, पूर्ण अंग दिसणारा. नंबर एवढा मोठा की चालत्या रिक्षातून वाचता यावा. खाली लिही: ‘पकडू नका, मागे धावू नका, फोन करा.’ पोस्टर प्लास्टिकच्या पिशवीत घाल आणि पिशवीचं तोंड खाली ठेव, नाहीतर पावसाचं पाणी आत साचतं. दूधवाले, पेपरवाले, सफाई कामगार, रिक्षा स्टँड यांना हातात दे. सगळ्यात उपयोगाचे म्हणजे रात्री भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणारे. नवा कुत्रा आला की त्यांच्या लगेच लक्षात येतं.

बक्षिसाची रक्कम आणि त्याच्या छातीवरचा पांढरा ठिपका पोस्टरवर नको. ‘कुत्रा सापडलाय, आधी पैसे पाठवा’ असे फोन येतात. ठिपका कुठे आहे ते विचार, व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांग, तोवर एक रुपयाही देऊ नकोस.

महापालिकेच्या श्वान केंद्रात आणि आसपासच्या दवाखान्यांत स्वतः जाऊन ये. फोनवर ‘तपकिरी कुत्रा’ म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळा कुत्रा येतो. त्याच्या कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपच्या भरवशावर राहू नकोस. तिला बॅटरी नसते, ती ठिकाण सांगत नाही. स्कॅनर फिरवल्यावर फक्त 15 आकडी नंबर दिसतो, आणि त्या नोंदीत तुझा चालू मोबाईल असेल तरच उपयोग. तेवढं आजच तपास.

दिसला तर? थांब. त्याच्याकडे सरळ बघू नकोस, त्याच्याकडे बाजू करून जमिनीवर बस. उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे आधी त्याच्या बाजूला, मग हळूहळू स्वतःजवळ टाक. अर्धा तास लागला तरी चालेल. त्याने अंगाला अंग लावलं की छातीखालून हात घाल. डोक्यावरून हात आला की तो दचकतो. नुसता गळपट्टा पकडलास तर मागे रेटा देऊन मान सोडवून घेईल. हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि ओढला की आवळणारा सरकफासाचा पट्टा दोन्ही लाव.

घरी आल्यावर पाणी थोडं थोडं, खाणंही. रेबीजची लस झालेली असली तरी चावल्याची खूण दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे ने. साचलेल्या पाण्यातून फिरला असेल तर लेप्टोचंही (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचं) विचार, तो आपल्यालाही होतो. ताप किंवा लघवीचा रंग बदललेला दिसला तर थांबू नकोस.

आज रात्रीच्या लोकलने नेरुळला येतोय. पट्टा आणि चिकन मी आणतो, पहाटेच्या फेरीला आपण दोघंच जाऊ.

तुझा,
मित्र