फोनवर टाळलेलं उत्तर

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "माझी मेंदूतली गाठ काढली ना? मग आता हे रेडिएशनचे लाईट कशाला, केमो कशाला? आणि उपयोग तरी किती?" मी म्हटलं, नेटवर्क जातंय. नेटवर्क चांगलं होतं. बोलवेना, म्हणून लिहिते.

कारखान्यात चादरीवर तेल सांडलं की तुम्हीच दाखवायचात, दिसतो तेवढाच डाग नसतो, तेल धाग्याधाग्यानं पुढं गेलेलं असतं. ग्लिओब्लास्टोमाचं, म्हणजे तुमच्या या मेंदूच्या कॅन्सरचं, तसंच आहे. दिसली तेवढी गाठ सर्जननी काढली, पण काही पेशी भोवतीच्या मेंदूत शिरलेल्या असतात. आणि मेंदू काही चादरीसारखा वीतभर जास्त कापता येत नाही.

म्हणून सहा आठवडे ३० लाईट, शनिवार-रविवार सुट्टी. टेमोझोलोमाइडला, म्हणजे केमोच्या कॅप्सूलला, मात्र सुट्टी नाही, ती रोज. लाईटनं त्या पेशींचा डीएनए तुटतो. हे औषध मेंदूपर्यंत पोचतं आणि त्याच डीएनएवर आणखी घाव घालतं. दोन्ही एकदम आलं की पेशींना डागडुजी झेपत नाही.

आता उपयोग. २००५ साली ५७३ पेशंटचा अभ्यास छापून आला. नुसत्या लाईटवर दोन वर्षांनी शंभरातले साधारण १० जण हयात होते, सोबत केमो घेतलेल्यांत २६. आजार मुळासकट जाईल असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही. पण बाबा, दिवाळीच्या बोनसला तुम्ही एका टक्क्यासाठी मालकाशी भांडला होतात. गाठीतल्या एमजीएमटी नावाच्या जनुकाचा रिपोर्ट यायचाय. ते जनुक बंद निघालं तर औषध जास्त लागू पडतं.

आई, आता तू. सकाळी आधी उलटीची गोळी, अर्ध्या तासानं केमोच्या दोन कॅप्सूल, १०० ची एक नि २० ची एक. रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, अख्ख्या. उघडून मधात कालवायच्या नाहीत (तुझी कॅल्शियमची गोळी तू कशी खातेस ते मला माहितीये). त्यानंतर तासाभरानं लाईट. चहा लाईट झाल्यावरच. सहाचा चहा चुकला की घरात काय होतं तेही माहितीये, शिव्या माझ्या नावावर टाक. स्टेरॉइडनं भूक खवळते, साखर चढते. रात्री दहाला कडक भाकरी मागितली तर चिडू नकोस, पण साखर तपास. दर आठवड्याचं रक्त चुकवायचं नाही. आणि ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसायचं नाही, तेव्हाच डॉक्टरांना फोन.

लाईटच्या वेळच्या त्या जाळीच्या मास्कला बाबा गड्ड्याच्या जत्रेतलं सोंग म्हणाले म्हणे. डोकं हलू नये म्हणून आहे तो. पाच-दहा मिनिटं डोळे मिटून पडायचं.

शुक्रवारी हुतात्मा एक्सप्रेसनं येते. सोमवारी पहिल्या लाईटला तिघं जाऊ. शेंगाचटणी करू नकोस, अर्धा डबा अजून आहे. बाबा, मध्ये काही विचारायचं असलं तर फोन करा. नेटवर्क चांगलं आहे.

तुमची,
लेक